ओतिलियाबाईंची वडी परदेशी जाते

आमच्या अग्वाक्लारात सरकारी छापील कागदाचे दोन उपयोग आहेत. एकतर त्यावर मक्याचे दाणे निवडायचे, नाहीतर घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारायचा. तो वाचायचाही असतो, हे आमच्या कुणाच्या फारसं लक्षात येत नाही. तुमच्या गावातही याहून वेगळं असेल असं मला वाटत नाही.

म्हणूनच त्या सकाळी रुबिएलनं नगरपालिकेच्या दारात वाटत होते तो कागद घरी आणला, नाश्त्याच्या टेबलावर चॉकलेटच्या पेल्याशेजारी ठेवला आणि म्हणाला, "ओतिलिया, जरा हे वाच गं," तेव्हा त्याच्या बायकोनं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"काय आहे?"

"लहान कारखान्यांना परदेशात माल पाठवायला मदत करतात. सरकारी केंद्र आहे बार्बोसाला, पाच वर्षं झाली म्हणे. दर गुरुवारी उघडं असतं. आणि सगळं फुकट."

"फुकट?" ओतिलियाबाईंनी तव्यावरचा मक्याचा आरेपा उलटला. "मला या जन्मात फुकट मिळाले ते फक्त टोमणे. तेही तुमच्या आईकडून."

"आई बिचारी देवाघरी गेली, तिला कशाला मध्ये ओढतेस? कागद वाच."

"मी नाही वाचत. त्या फुकटाच्या आत काहीतरी लपलेलं असणार. एकदा हात दाखवून अवलक्षण झालंय माझं. आता या घरात परदेशाचं नाव काढायचं नाही, सांगून ठेवते!"

रुबिएल स्वभावानं गरीब. बत्तीस वर्षांच्या संसारात तो एक गोष्ट शिकला होता. बायको नाही म्हणाली की वाद घालायचा नाही, वस्तू मात्र तिच्या नजरेसमोर ठेवून द्यायची. त्यानं कागद फ्रीजच्या दारावर चिकटवला आणि तो पेरूच्या बागेत निघून गेला.

ओतिलियाबाई इतक्या का कडाडल्या, हे सांगायला हवं.

त्यांचा पेरूच्या वडीचा लहानसा कारखाना होता. बोकादियो म्हणतो आम्ही तिला. पेरूचा गर आणि साखर मोठ्या कढईत आटवायची, गोळा कड सोडायला लागला की लाकडी साच्यात थापायचा, गार झाला की वड्या पाडायच्या आणि एकेक वडी बिहाओच्या, म्हणजे केळीसारख्या एका झाडाच्या, सुकवलेल्या पानात बांधायची. पानाचा वास वडीला लागतो, तीच खरी तिची चव. बांधायचं काम करणाऱ्या सहा बायका होत्या. त्यांतली कासिल्दा सगळ्यात जुनी. तिचा हात इतका चालायचा की बघणाऱ्याची नजर मागे पडावी.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे एक दलाल आला होता. गुळगुळीत दाढी, कडक इस्त्री. "बंदरावरचा साहेब माझा साडू. वशिल्याशिवाय या देशातून सुतळीसुद्धा बाहेर जात नाही, सेन्योरा. तुम्ही फक्त सह्या करा." बाईंनी सह्या केल्या. चाळीस खोकी गेली. ती परदेशातल्या बंदरावर पोचली आणि तिथंच अडकली, कारण लेबलवर तिथल्या भाषेत एक अक्षर नव्हतं, आणि वडीत काय काय घातलंय तेही लिहिलेलं नव्हतं. दीड महिन्यानं कळलं की सगळा माल नष्ट केला. दलालाचा फोन त्या दिवसापासून लागला नाही. बाईंना माल गेल्याचं दुःख झालंच, पण त्याहून जास्त लागलं ते हे की आपण इतक्या वयाच्या, इतक्या जपून वागणाऱ्या, आणि एका इस्त्रीला भुललो!

ही गोष्ट त्यांनी गावात कुणालाही सांगितली नाही. आणि त्यांनी सांगितली नाही म्हणून तोच दलाल पुढच्या वर्षी शेजारच्या गावात दोघांना फसवून गेला. पण हे त्यांच्या फार उशिरा लक्षात आलं.

कागद चिकटवला त्याच आठवड्यात दोन पत्रं आली.

पहिलं राजधानी बोगोताच्या घाऊक व्यापाऱ्याचं. जूनपासून तो पानातली वडी घेणार नव्हता. यंत्रानं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलीच हवी, म्हणजे मोजायला सोपी आणि टिकायलाही बरी. ओतिलियाबाईंचा निम्म्याहून जास्त माल त्याच्याकडे जायचा. यंत्र घेतलं की पान बांधणाऱ्या सहाजणींना काम उरणार नव्हतं.

दुसरं पत्र कॅनडातून, मॉन्ट्रियलहून. मिरेया नावाची बाई तिथं दुकान चालवत होती. मूळची आपल्याकडचीच, व्हेलेसची. तिची मावशी बॅगेतून आठ वड्या घेऊन गेली होती. तिनं लिहिलं होतं, 'पान सोडलं आणि वासानं मला रडू आलं. दुकानात ठेवल्या तर दहा मिनिटांत संपल्या. मला तुमची वडी हवी आहे. पण पानातलीच. प्लास्टिकमधली इथंही मिळते, तिला कुणी विचारत नाही.'

ओतिलियाबाईंनी दोन्ही पत्रं कुणाला दाखवली नाहीत. पण कारखान्यात बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी कासिल्दानं पान बांधता बांधता, मान वर न करता विचारलं,

"बाई, जून यायला आता किती आठवडे उरले?"

"कशाला गं?"

"काही नाही. मोठीचं लग्न ठरवतेय. तोवर कामावर असेन का, एवढंच विचारत होते."

त्या संध्याकाळी बाई घरी आल्या, फ्रीजसमोर उभ्या राहिल्या आणि कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग बागेकडे तोंड करून ओरडल्या, "अहो, गुरुवारी बार्बोसाला जायचंय! पण सांगून ठेवते, एक जरी सही मागितली ना, तर मी उठून येणार!"

गुरुवारी त्या तयारीनिशी निघाल्या. हातात नगरसेवकाची ओळखीची चिठ्ठी, आणि टोपलीत चीजचा गोळा, वडीचा एक डबा आणि पाय बांधलेली एक लठ्ठ कोंबडी. मोकळ्या हातानं सरकारी दारात जायचं असतं का कुठं!

केंद्र म्हणजे बाजारपेठेच्या मागच्या गल्लीतली दोन खोल्यांची जागा. टेबलामागे साठीला टेकलेली एक बाई बसली होती. केस आखूड, चष्मा साखळीला अडकवलेला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. नोएमी गालेआनो तिचं नाव. पंचवीस वर्षं एका फुलांच्या कंपनीत तिनं बाहेरदेशी माल धाडण्याचं काम केलं होतं. आता इथं.

ओतिलियाबाईंनी चिठ्ठी पुढे केली. नोएमीबाईंनी ती वाचली, घडी केली आणि परत दिली.

"यांची चिठ्ठी नसती तरी चाललं असतं. बसा. आणि ही टोपली कुणासाठी?"

"तुमच्यासाठी. कामाबद्दल."

"कोंबडी?"

"अंडी घालणारी आहे," ओतिलियाबाई घाईनं म्हणाल्या.

कोंबडीनंही टोपलीतून दुजोरा दिला. दाराशी बसलेले दोघंतिघं हसले. रुबिएल भिंतीवरचा नकाशा अगदी मन लावून बघायला लागला.

नोएमीबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी डब्यातली एक वडी उचलली, पान सोडलं, वास घेतला, अर्धी खाल्ली. "ही घेते, कारण काय विकायचंय ते मला कळायला हवं. बाकीचं सगळं घरी न्यायचं. मला पगार मिळतो, बाई."

"कोण देतं?"

"तुम्ही."

"मी? मी कधी दिला?"

"साबण घेता ना? मीठ, पेट्रोल, कढईखालचा गॅस? प्रत्येक वेळी कर भरता. कारखान्याचा भरता तो वेगळाच. त्यातून माझा पगार होतो. हे केंद्र फुकट नाही, ओतिलियाबाई. याचे पैसे तुम्ही आधीच भरलेत. तीस वर्षं भरताय. फक्त घ्यायला आला नव्हतात."

ओतिलियाबाईंनी कोंबडीची टोपली हळूच खुर्चीखाली सरकवली आणि चाळीस खोक्यांची गोष्ट, जी त्यांनी गावात कुणालाही सांगितली नव्हती, ती या अनोळखी बाईला पहिल्यापासून सांगितली. नोएमीबाईंनी ती ऐकून घेतली. शेवटी एवढंच म्हणाल्या,

"तुमची वडी चांगली होती. लेबल चुकलं. यात रडण्यासारखं काही नाही, शिकण्यासारखं आहे. पण एक सांगते, तुमचं काम मी करून देणार नाही. तुम्ही करायचं, मी शेजारी उभी राहीन. चालेल?"

"सही?"

"सही कसली? इथं नाव लिहा म्हणजे झालं. पुढच्या गुरुवारी कोण येणार आहे ते मला कळायला नको?"

पुढचे चार महिने कारखान्यात जे चाललं त्याला कासिल्दा 'नोएमीबाईंचा छळ' म्हणायची.

नोएमीबाई स्वतः येऊन सगळं बघून गेल्या. केसांवर जाळी घालायची ठरली, तेव्हा कासिल्दा भडकली. "माझ्या डोक्यात काय उवा आहेत? एकवीस वर्षांत कुणाच्या वडीत माझा केस निघाला?" नोएमीबाईंनी पिशवीतून जाळी काढली, आधी स्वतःच्या डोक्याला लावली आणि विचारलं, "कशी दिसते?" कासिल्दानं नीट निरखून सांगितलं, "सोललेल्या कांद्यासारखी." सगळ्याजणी खो खो हसल्या आणि जाळ्या डोक्यावर चढल्या.

मग पान. लहान कारखान्यांचा माल तपासून देणाऱ्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ते पाठवलं. तिथंही काही द्यावं लागलं नाही. पण निकाल वाईट आला. पानावर बुरशी होती, डोळ्यांना न दिसणारी. ओतिलियाबाईंचा चेहरा पडला. "झालं! शेवटी प्लास्टिकच म्हणतील."

"तुम्ही पानं कुठं वाळवता?" नोएमीबाईंनी विचारलं.

"अंगणात. जमिनीवर. माझी आई तिथंच वाळवायची."

"तुमच्या आईला पान मॉन्ट्रियलला पाठवायचं नव्हतं. जमिनीपासून वर उचला, खालून वारा लागू दे."

रुबिएलनं दोन दिवसांत बांबूच्या मांडण्या उभ्या केल्या. पानं आधी उकळत्या पाण्यातून काढून त्यावर पसरली. दुसरा निकाल स्वच्छ आला. त्या दिवशी रुबिएलला कारखान्यात जो भाव मिळाला, तो त्याला लग्नाच्या दिवशीही मिळाला नव्हता.

लेबलवर दोन भाषा हव्या होत्या, इंग्रजी आणि फ्रेंच. केंद्रातल्या दुभाष्यानं ते करून दिलं. ओतिलियाबाईंचा हट्ट होता की वर 'माझ्या आजीनं बनवलेली' असं लिहायचं.

"आजी कुठं असतात?" नोएमीबाईंनी विचारलं.

"जाऊन चाळीस वर्षं झाली."

"मग तिथला अधिकारी विचारेल, ही वडी केव्हाची आहे?"

'आजीच्या पद्धतीची' यावर तडजोड झाली.

वीस खोकी गेली. यावेळी कुठं अडकली नाहीत. सतराव्या दिवशी मिरेयाचा फोन आला की दुकानात रांग लागली होती. ओतिलियाबाईंनी फोन ठेवला, देवाच्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावली आणि मग एकट्याच स्वयंपाकघरात गोल गिरकी घेतली. रुबिएलनं दारातून पाहिलं, पण त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. मला सांगितलं, म्हणून तुम्हाला कळलं.

इथं गोष्ट संपली असती तर ती एका बाईच्या यशाची गोष्ट झाली असती. पण खरी परीक्षा पुढंच होती.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी नोएमीबाईंनी दोघांना बोलावून घेतलं. मिरेयाच्या ओळखीच्या एका वितरकाला तीन शहरांतल्या दुकानांसाठी माल हवा होता. दर दोन महिन्यांनी दोनशे खोकी. एवढी मागणी पुरवली तर बोगोताच्या व्यापाऱ्याकडे बघायचीही गरज नव्हती.

ओतिलियाबाईंनी मनातल्या मनात कढया मोजल्या. "शंभर जमतील. रात्रंदिवस केलं तर एकशेवीस. दोनशे नाही जमणार."

"मग अर्धं दुसऱ्या कुणी करायचं. तुमच्या गावात पानातली वडी आणखी कोण करतं?"

"कुणी नाही."

रुबिएल खोकला.

"काय झालं?" नोएमीबाईंनी विचारलं.

"ओलार्ते करतो की," रुबिएल नकाशाकडे बघत म्हणाला. "पुलापलीकडे. नऊ बायका आहेत त्याच्याकडे बांधायला."

ओतिलियाबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की तो नकाशात शिरायचाच बाकी राहिला.

अनिबाल ओलार्ते आणि ओतिलियाबाई नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, ऐन हंगामात, ओलार्तेनं आसपासचं सगळं बिहाओचं पान उचललं होतं. बाईंच्या कढया पंधरा दिवस थंड पडल्या होत्या. तेव्हापासून चर्चमध्येही त्या त्याच्या मागच्या बाकावर बसत नसत. आणि आता महिनाभर तोच ओलार्ते गावात विचारत फिरत होता, ओतिलियाचा माल परदेशात गेला तरी कसा? एकदा तर चर्चच्या पायऱ्यांवर त्यानं हॅट काढून, नऊ वर्षांत पहिल्यांदा, त्यांनाच विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "देवाची कृपा," आणि ताडताड निघून गेल्या होत्या.

"त्याला? त्याला सांगू?" ओतिलियाबाई उसळल्या. "चार महिने मी बार्बोसाला खेटे घातले. जाळ्यांवरून माझ्या बायकांची बोलणी खाल्ली. आणि त्या माणसाच्या पुढ्यात सगळं आयतं वाढून ठेवू?"

"मी तुमच्याकडून काय घेतलं, बाई?" नोएमीबाईंनी शांतपणे विचारलं.

"अर्धी वडी."

"मग त्याच्याकडून तुम्ही सगळी वडी घ्या." मग त्या गंभीर झाल्या. "हे बघा, हे दार तुमच्यासाठी उघडलं ते तुम्ही चांगल्या आहात म्हणून नाही. आणि ओलार्ते वाईट असेल, तरी ते त्याला बंद नाही. तो आला तर मी त्यालाही हेच शिकवणार. पण तो येणार नाही. नगरपालिकेच्या दारातून त्यानंही तो कागद नेला असेल आणि त्यावर मका निवडला असेल. तुम्ही इतकी वर्षं का आला नाहीत? कारण आधी येऊन गेलेल्या एकाही माणसानं तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर ती चाळीस खोकी वाचली असती."

ओतिलियाबाईंनी मान खाली घातली.

"आणि आणखी एक," नोएमीबाई म्हणाल्या. "मॉन्ट्रियलमधलं गिऱ्हाईक ओतिलियाला ओळखत नाही. ते पानातल्या वडीला ओळखतं. उद्या ओलार्ते एखादा दलाल गाठून बुरशी लागलेलं पान पाठवेल आणि तिथलं एखादं पोर आजारी पडेल. मग दुकानातून कुणाचा माल काढून टाकतील? त्याचाही आणि तुमचाही. तुम्ही शिकलात ते गावात एकटीनं दडवून ठेवलंत, तर ते तुमच्याही उपयोगाचं राहणार नाही."

"ओलार्तेलाही बोगोताचं तेच पत्र गेलंय, त्याचं यंत्र आलंय म्हणतात," रुबिएल हलकेच म्हणाला. "सोमवारपासून त्या नऊ बायका घरी बसणार. त्यांत कासिल्दाची बहीण आहे."

परतीच्या बसमध्ये ओतिलियाबाई खिडकीबाहेर बघत बसल्या. अर्धा रस्ता झाल्यावर म्हणाल्या, "तुम्ही काहीच का बोलत नाही?"

"तुझं तुझ्याशीच भांडण चाललंय. तिथं तिसरा माणूस कशाला?"

पुलाजवळ बस थांबली. त्यांचं घर अलीकडे आहे. ओतिलियाबाई उठल्या, उतरल्या, आणि पुलापलीकडे चालू लागल्या!

ओलार्ते कारखान्याच्या फाटकात उभा होता. मागे अंगणात लाकडी फळ्यांत बंद केलेलं यंत्र, अजून न उघडलेलं. बाईंना बघून त्याचा हात आपोआप हॅटकडे गेला.

"कुणी गेलं का?" त्यानं घाबरून विचारलं.

"नाही. अजून सगळे आहेत."

"मग तू इथं कशी?"

"माल परदेशात कसा जातो ते सांगायला आले."

ओलार्तेनं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "यात तुझा डाव काय?"

"डाव खेळायचा असता तर चालत आले असते का? गुडघे दुखतायत माझे. खुर्ची तरी दे."

त्यानं खुर्ची आणली. स्वतः उभाच राहिला. बाईंनी सगळं सांगितलं, दलालापासून बुरशीपर्यंत, काहीही न लपवता. ओलार्ते ऐकत होता. मध्येच त्याचा आवाज चढला. "आणि हे सगळं तू मला का सांगतेयस? मी तुझं पान उचललं होतं ते विसरलीस?"

"विसरले नाही. विसरणारही नाही. का उचललंस रे ते?"

"कारण तू उचलणार होतीस!"

"मी?"

"मला सांगितलं होतं, ओतिलिया सगळं पान घेऊन मला हंगामात उपाशी मारणार आहे. म्हणून मी आधी जाऊन उचललं."

"कुणी सांगितलं?"

ओलार्तेनं हॅट काढून डोकं खाजवलं. मग ओशाळून म्हणाला, "आता आठवत नाही."

नऊ वर्षं! कुणीतरी काहीतरी म्हणालं, त्यापायी नऊ वर्षं! पुलाच्या दोन बाजूंना दोन कारखाने, दोघांनाही तोच व्यापारी नाडतो, दोघांनाही तोच दलाल गाठू शकतो, आणि दोघं एकमेकांना एक शब्द विचारत नाहीत! ओतिलियाबाईंना हसू येत होतं आणि रडूही. शेवटी त्या शालीच्या टोकाशी चाळा करत एवढंच म्हणाल्या, "त्या नऊजणींना सोमवारी यायला सांग. आणि गुरुवारी माझ्याबरोबर बार्बोसाला चल. कोंबडी आणायची नाही."

"कोंबडी कशाला आणीन?" ओलार्ते गोंधळून म्हणाला.

यंत्र त्यानं परत केलं नाही. प्लास्टिकमधल्या वडीसाठी ते ठेवलं, कारण बोगोतालाही तोंडं आहेतच. पण नऊजणी पानाकडेच राहिल्या. रुबिएलनं त्याच्या अंगणातही बांबूच्या मांडण्या बांधून दिल्या. जून आला आणि गेला, कुणाचं काम सुटलं नाही. कासिल्दाच्या मोठ्या मुलीचं लग्न धूमधडाक्यात झालं, आणि त्यात दोन्ही कारखाने एका पंगतीला जेवले.

पहिली दोनशे खोकी पोचली तेव्हा मिरेयानं दुकानाच्या फळीचा फोटो पाठवला. ओतिलियाबाईंनी तो मोठा करून छापून आणला आणि बांधणाऱ्या पंधराही बायकांसमोर टेबलावर पसरला. सगळ्या वाकल्या. प्रत्येकीची पान दुमडायची तऱ्हा वेगळी असते.

"ही माझी! हे बघा, डावीकडे मोड आहे, ती माझीच!" कासिल्दा ओरडली.

"आणि ही माझी, कोपरा आत!" तिची बहीण म्हणाली.

ज्या बायका बार्बोसाच्या पुढे कधी गेल्या नव्हत्या, त्यांच्या हाताची खूण मॉन्ट्रियलच्या फळीवर मांडून ठेवली होती. मी तिथं होतो. त्या दिवशी अर्धा तास कुणी एक वडी बांधली नाही, आणि ओतिलियाबाई कुणालाही रागावल्या नाहीत.

आता दर मंगळवारी दुपारी त्या चर्चच्या सभागृहात बसतात. अंबाडीच्या पिशव्या विणणारी येते, गूळ करणारे येतात, शेजारच्या गावातले फसलेले दोघंही येऊन गेले. त्या आधी स्वतःची फजिती सांगतात, मग लेबलाचं, मग बार्बोसाचा पत्ता. परवा पिशव्यावाल्या बाईनं दबक्या आवाजात विचारलं, "काय द्यायचं तुम्हाला?"

"गुरुवारी तिकडे जा," ओतिलियाबाई म्हणाल्या, "आणि परत आल्यावर पहिला भेटेल त्या माणसाला सांग."

मित्रहो, आपल्या देशात चांगल्या सोयी नाहीत, ही आपली नेहमीची तक्रार. पुष्कळदा ती खरीही असते. पण ज्या सोयी आहेत, त्यांच्या दारात तरी आपण कितीदा जातो? विचारण्यात कमीपणा वाटतो म्हणून थांबतो, ओळख हवी असं वाटतं म्हणून दलाल शोधतो, आणि फसलो की लाजेनं गप्प बसतो. ती गप्प बसण्याची सवय आपल्याला सगळ्यात महाग पडते. सार्वजनिक मदत ही कुणाची मेहेरबानी नाही. ती आपल्याच घामातून उभी राहिली आहे आणि आपल्या वैऱ्याचाही तिच्यावर तेवढाच हक्क आहे. तेव्हा हक्कानं जा, विचारा, शिका, आणि जे शिकाल ते पुलापलीकडे सांगून या!